कांदा निर्यातबंदी: शहरातल्या स्वस्ताईचा खर्च कुणी करायचा?

गोदाकाठ

सध्या कांद्याची निर्यात खुली आहे. १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्कही नाही. भाव पडलेले असले की वर्तमानपत्रांना कांद्यात रस नसतो, म्हणूनच हा विषय आत्ता काढतोय. एकदा भाव चढले की टीव्हीवर भाजीबाजारातल्या मुलाखती सुरू होतात आणि मग कुणी कुणाचं ऐकत नाही.

गेल्या काही वर्षांतला क्रम बघा. सप्टेंबर २०१९ ला बंदी, मार्च २०२० ला उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावानं माल बाहेर पाठवायचा नाही), आणि ८ डिसेंबरला सरळ बंदी. ३१ मार्चपर्यंतच आहे असं सांगितलं होतं, पण मुदत संपायच्या आत ती बेमुदत केली. ४ मे २०२४ ला उठवली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्काचं ओझं ठेवून.

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्याकडे, नाशिक जिल्ह्यात, लाल कांदा नुकता निघायला लागला होता. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बंदीनंतर दोनेक आठवड्यांत लासलगावला भाव जवळपास निम्म्यावर आला. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला तो बंदी आली त्याच आठवड्यात.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, याला माझा अजिबात विरोध नाही. पण ती सरकारची जबाबदारी असेल तर खर्च तिजोरीतून व्हावा. बंदी आली की तो निफाड, येवला, चांदवडचा शेतकरी करतो आणि कुठल्याही अर्थसंकल्पात तो दिसत नाही. ज्यांना बंदी योग्य वाटते त्यांनी त्यांची बाजू जरूर मांडावी. मला ती खरंच समजून घ्यायची आहे.

मीनल_डोंबिवली

मी मांडते. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डबे घेणारी बरीचशी मुलं कुरिअर आणि गोदामात कामाला जाणारी. डब्याचा दर महिन्याच्या सुरुवातीला ठरतो, मधेच वाढवता येत नाही. कांद्याशिवाय उसळ, रस्सा, भरलं वांगं काहीच होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ ला किलोला साठ-सत्तर झाला तेव्हा आधी माझा नफा गेला, मग वाटण पातळ झालं. मुलांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, पण ताटलीत फरक दिसत होता.

आणि मी तरी गोणी घेते. माझ्याकडे पोळ्या लाटायला येतात त्या बायका पाव किलोनं घेतात, त्यांना किलोमागे आणखी जास्त पडतं. कांदा-भाकर हे गरिबाचं जेवण म्हणतो ना आपण? त्यातला कांदाच गेला तर भाकरीबरोबर खायचं काय?

गोदाकाठ दादा, तुमचं नुकसान मला दिसतं. पण सरकारनं आधी आपल्या माणसांना खाऊ घालायचं की दुबईला पाठवायचं, हा प्रश्न आला तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

पार्ल्याचा_राजू

अवांतर: धागा वाचता वाचता भज्यांची तलफ आली. कांदेनवमीला किती दिवस आहेत?

अर्थात

दोन्ही बाजूंना थोडी आकडेवारी देतो.

ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत कांद्याचा भार ०.६४ टक्के. टोमॅटो आणि बटाटा धरून तिघांचा मिळून २.२. म्हणजे नुसत्या कांद्यानं महागाईचा आकडा फार हलू नये. पण हे तिघे एकदम चढतात आणि रोज विकत घेतले जातात, त्यामुळे लोकांच्या मनातली महागाई ह्यांच्यावरच ठरते. कामगार पगारवाढ मागतो तो भाजीचा भाव बघून. रिझर्व्ह बँकेला हे दुर्लक्षून चालत नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. रिझर्व्ह बँकेच्याच २०२४ च्या अभ्यासानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. मीनलताईंनी सत्तर रुपये मोजले तेव्हा उरलेले चौसष्ट टक्के वाहतूक, घट, हमाली, आडत, घाऊक आणि किरकोळ विक्रेता यांच्यात गेले. निर्यातबंदी ह्या चौसष्टला हातही लावत नाही. ती फक्त पहिल्या टोकाचा भाव पाडते आणि वाट बघते की शेवटच्या टोकाला तो कधीतरी झिरपेल.

आणि हे भारतच करतो असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली होती, साधारण साडेतीन आठवडे. २००७-०८ मध्ये तांदूळ पिकवणाऱ्या देशांनी एकापाठोपाठ एक दारं लावली आणि जगात तांदूळ कडाडला. जागतिक व्यापाराच्या नियमांतही (गॅट, कलम ११) अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी चालते. वाद होतो तो ‘गंभीर’ आणि ‘तात्पुरती’ कशाला म्हणायचं यावर.

आखाती_मराठी

दुबईचा उल्लेख आला म्हणून लिहितो. इथे कांदा शेखच खातात असा समज असेल तर तो काढून टाका. इथे भारतीय कांदा सगळ्यात जास्त शिजतो तो कामगार वस्त्यांमध्ये. केरळ, बिहार, बांगलादेश, नेपाळची माणसं एका खोलीत सहा-आठ राहतात आणि वर्गणी काढून स्वयंपाक करतात. डिसेंबर २०२३ नंतर दुकानात नाशिकचा कांदा दिसेनासा झाला, होता तो महाग. मग पाकिस्तानचा, तुर्कस्तानचा, इजिप्तचा आला. त्याला आपल्या कांद्यासारखा तिखटपणा नाही, पण पोट भरायचं म्हटल्यावर लोक सवय करून घेतात.

माझा मुद्दा हा की सवय झाली की गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. दुकानदार आता दोन देशांचा माल ठेवतो. मी विचारलं तर म्हणाला, भारताचा भरवसा नाही.

जेएनपीटी_ते_जगभर

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी +१००.

मी निर्यातदारांची कागदपत्रं करतो. बंदीची अधिसूचना रात्री आली की आमच्याकडे काय होतं ते सांगतो. काही कंटेनर भरून गेटबाहेर रांगेत असतात. काहींचं शिपिंग बिल दाखल झालेलं असतं पण जहाज लागलेलं नसतं. काही माल पॅकहाऊसमध्ये जाळीच्या गोण्यांत भरत असतो, गोणीवर मलेशियाच्या खरेदीदाराचा शिक्का मारलेला. अधिसूचनेत सवलत असते, पण ती ठरावीक टप्प्याच्या पुढे गेलेल्या मालाला. बाकीच्यांनी कंटेनर उघडायचा, माल परत न्यायचा, आणि तोवर रीफरचं (शीत कंटेनरचं) वीजभाडं आणि बंदरातलं भाडं भरत राहायचं. परत आणलेला कांदा वाशीच्या बाजारात पडतो तेव्हा तिथे आधीच भाव पडलेला असतो.

खरेदीदाराला मी काय सांगू? त्यानं त्याच्या सुपरमार्केटला शब्द दिलेला असतो. सप्टेंबर २०२० मध्ये बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक अडकून सडायला लागले होते. त्याच्या आदल्या वर्षी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन जाहीरपणे म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असं सांगितलंय, निदान बंदी घालताना आधी कळवत चला. पाहुण्यानं हे हसत सांगितलं, पण मागणी रास्त होती. तेव्हापासून बांगलादेश स्वतःचा कांदा वाढवायच्या मागे लागलाय. आपलं सगळ्यात जवळचं, सगळ्यात स्वस्त वाहतुकीचं गिऱ्हाईक.

शुल्क लावा, दहा, वीस टक्के. धंदा त्यात बसवता येतो. पण एका रात्रीत बंद म्हटलं की धंद्याला काही उपायच राहत नाही.

वैदर्भी

नाशिकवाल्यांनो, निदान तुमच्या कांद्यावर चर्चा तरी होते. आमच्याकडे दार दुसऱ्या बाजूनं उघडतात.

सोयाबीन घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. आनंद झाला. मे २०२५ अखेर तेच १६.५ वर आणलं, का तर तेल महागलं. कापूस घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं, कापड उद्योग अडचणीत आला, म्हणून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आणि नंतर ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमचा कापूस घरात येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच!

तिरुपूरच्या कामगाराची नोकरी वाचली पाहिजे, मान्य. पण प्रत्येक वेळी जागतिक संकटाचा हप्ता यवतमाळच्या शेतकऱ्यानंच का भरायचा? गोदाकाठ यांच्या मूळ प्रश्नाशी मी शंभर टक्के सहमत. फक्त ‘कांदा’च्या जागी ‘शेतमाल’ लिहा.

मीनल_डोंबिवली

वैदर्भीताई, पण तेल महागलं तेव्हाही माझ्याच कढईत महागलं ना! पंधरा किलोचा डबा घेताना जीव जातो. शेतकरी आणि ग्राहक यांना तुम्ही दोन वेगळ्या गावची माणसं समजताय असं वाटतं. माझ्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांपैकी दोघी शेतमजुरी सोडून आलेल्या आहेत. त्यांचं गाव नाशिक जिल्ह्यातच आहे. त्यांच्या घरी जमीन नाही. कांदा चढला तर त्यांच्या गावच्या घरीही तो विकतच घ्यावा लागतो. निर्यातीतून आलेला पैसा जमीनवाल्याला मिळतो. मजुरी त्या प्रमाणात वाढते का, हे गोदाकाठ दादांनी प्रामाणिकपणे सांगावं.

गोदाकाठ

मीनलताई, प्रश्न बरोबर आहे. भाव चढला की मजुरी त्या प्रमाणात चढत नाही. पण लागवड आणि काढणी दोन्हीला आमच्याकडे मजूर मिळत नाहीत, त्यामुळे ती खालीही येत नाही. लागवडीचा ठेका एकरावर ठरतो, मजुरांची टोळी तो घेते. आणि ज्या वर्षी भाव पडतो त्याच्या पुढच्या वर्षी लागवड कमी होते, तेव्हा टोळीचं काम आपोआप जातं. म्हणजे चढल्यावर मजुराला फार फायदा नाही, पण पडल्यावर तोटा नक्की आहे.

जमीनवाला म्हणजे श्रीमंत असंही समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी भागातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरला नेला. भाडं, हमाली, तोलाई कापून हातात २ रुपये ४९ पैसे आले, आणि चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन पैसे मिळायची वेळ आली तर बंदी. पडतो तेव्हा बाजार मुक्त असतो. चढला की सरकारला जाग येते. आमचा संताप याचा आहे.

उंबरठा१९८०

मी वयानं इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा असेन. चाकणचं १९८० चं कांदा आंदोलन पाहिलंय, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची भाषणं समोर बसून ऐकलीत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तेव्हाची. त्यांचं म्हणणं असं होतं की सरकार शेतीला अनुदान देतं हा भ्रम आहे. निर्यात अडवून, भाव पाडून जे काढून घेतलं जातं ते मोजलं तर अनुदान उणे निघतं. पंचेचाळीस वर्षं झाली आणि तुम्ही सगळे त्याच वाक्याभोवती फिरताय, हे वाचून मन खिन्न झालं.

सप्टेंबर २०२० मध्ये गंमत बघा. त्याच महिन्यात संसदेनं जीवनावश्यक वस्तू कायदा बदलून कांद्यावरचे निर्बंध सैल केले, शेतकऱ्याला स्वातंत्र्य म्हणून. आणि त्याच महिन्यात निर्यातबंदी. ऑक्टोबरमध्ये साठ्यावर मर्यादा: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. ज्या बाजारात व्यापारी २५ टनांपेक्षा जास्त ठेवू शकत नाही तिथे तो लिलावात बोली कशाला लावेल?

चाळकरी

साठवणुकीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण भाव तिथेच ठरतो.

देशातला सत्तर टक्क्यांच्या आसपास कांदा रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळ. एप्रिल-मेमध्ये निघतो आणि तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरवायचा. त्यासाठी चाळ. जमिनीपासून वर उचललेला तळ, खालून हवा, बाजूंना फटी, वर पत्रा किंवा कौलं. कांदा भरताना पात नीट वाळलेली पाहिजे, मान पिळलेली पाहिजे, जोड कांदा आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आधीच बाजूला काढायचे. एवढं करूनही चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा वजन सहज जातं. काही सुकतं, काहीला कोंब येतात, काही सडतं. पावसाळी दमट हवेत काजळी (काळी बुरशी) धरली की चाळीजवळ उभं राहवत नाही. घरातल्या बायका रोज हातानं चाळून सडका बाहेर काढतात, नाहीतर एक सडला की शेजारचे दहा जातात.

२०२३ ला मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी झाला, कांदा ओला भरला गेला, टिकलाच नाही. मग त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, खरीप उशिरा आला. मधली फट पडली आणि भाव चढले. यात साठेबाज कुठे आला? टंचाई खरी होती. मीनलताईंची बाजू इथे मजबूत आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माल खरंच कमी असेल तेव्हा सरकारनं काहीच करू नये, असं म्हणणं चूक आहे.

पण मग चाळीला, साठवणुकीला पैसा घाला ना. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प २००३ च्या सुमारास झाला, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. तिथून अमेरिकेला हापूस जायला लागला, तेही उत्तम झालं. पण कांद्याचं काय? विकिरणानंतर शीतगृह लागतं, त्याचा खर्च स्वस्त कांद्याला झेपत नाही. भावाची खात्री असती तर कुणीतरी ते बांधलं असतं. निर्यात कधीही बंद होते त्या मालासाठी शीतगृहाला कर्ज कोण देणार?

पार्ल्याचा_राजू

चाळकरी, फार माहितीपूर्ण. माझ्या कांदेनवमीला थोडा अर्थ आला आता. आषाढापासून चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा बंद. श्रावणात मागणी कमी असते आणि नेमका तेव्हा चाळीतला माल बाजारात येत असतो. हे बरोबर का?

चाळकरी

अगदी बरोबर. श्रावणात उठाव कमी, भाव मंदावतात. ज्याला घाई आहे तो विकतो, ज्याच्याकडे चांगली चाळ आहे तो दसरा-दिवाळीपर्यंत थांबतो. आणि जो थांबतो त्याला शहरात साठेबाज म्हणतात.

अर्थात

मग एक ठोस प्रस्ताव ठेवतो, त्यावर मारा. बंदी पूर्ण काढून टाकायची. त्याऐवजी आधीच जाहीर केलेला तक्ता: बाजारभाव अमुक पातळीच्या वर गेला तर निर्यातशुल्क १० टक्के, त्याच्या वर २०, त्याच्या वर ४०. खाली आला की आपोआप शून्य. जेएनपीटीवाले म्हणतात तसं, धंद्याला आकडा माहीत असेल तर तो जुळवून घेतो. शुल्कातून आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्याच शेतकऱ्यांना पडत्या भावात द्यायचा.

जेएनपीटी_ते_जगभर

तत्त्वतः आवडलं, पण एक भोक आहे. पातळी जवळ आली की सगळे निर्यातदार एकदम माल बाहेर काढतील, म्हणजे टंचाईच्या तोंडावर निर्यात वाढेल. शिवाय भाव कोणत्या बाजार समितीचा धरायचा? लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, तिघांचा रोज वेगळा असतो.

मीनल_डोंबिवली

आणि तोवर माझ्या बायकांनी काय करायचं? ४० टक्के शुल्क ऑगस्ट २०२३ ला लावलं होतं ना, तरी ऑक्टोबरला भाव चढलेच. सरकारी गाड्यांवर २५ रुपयांनी कांदा विकत होते ते चांगलं होतं, पण डोंबिवलीत ती गाडी मी पाहिली नाही. गरिबांच्या वस्तीत नेमानं गाडी आली तर निर्यात खुली ठेवायला माझी हरकत नाही. हे मी मनापासून म्हणते. मला तुमचा भाव पाडायचा नाही, मला माझ्या बायकांच्या पिशवीत अर्धा किलो कांदा हवाय.

गोदाकाठ

मीनलताई, हे मला मान्य आहे. तुमच्या गाडीसाठी लागणारा कांदा सरकारनं उन्हाळ्यात आमच्याकडून लिलावात, खुल्या बोलीनं घ्यावा. २०२३ ला नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांचा राखीव साठा ५ लाख टनांचा ठरवला होता. पण खरेदी बाजार समितीत येऊन होत नाही ही आमच्याकडची जुनी तक्रार आहे. लिलावात सरकारी बोली लागली तर खालच्या भावाला आधार मिळेल आणि तोच कांदा दिवाळीत तुमच्याकडे येईल. शिवाय राखीव साठा काढणीच्या वेळी भाव उचलायला वापरायचा की दिवाळीत पाडायला, हेही आधी ठरू द्या. आज तो फक्त पाडायलाच बाहेर येतो.

वैदर्भी

हरियाणात २०१८ पासून भावांतर भरपाई आहे, सुरुवातीच्या चार पिकांत कांदाही होता. ठरलेल्या भावापेक्षा कमी मिळालं तर फरक सरकार देतं. ‘खर्च तिजोरीतून’ हे तर गोदाकाठ यांचं पहिल्या पोस्टपासूनचं म्हणणं आहे. मग महाराष्ट्रात हे का नको?

गोदाकाठ

हवंच आहे. पण २०२३ चा अनुभव सांगतो. भाव पडले म्हणून राज्य सरकारनं फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. अट अशी की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवर करायची पिकाची नोंद) कांद्याची नोंद हवी. आमच्या भागात कित्येकांनी ॲपवर नोंद केलेली नव्हती. कुणाकडे तसा फोन नव्हता, कुणाच्या शेतात रेंज नव्हती, कुणाचा कांदा उसाच्या नोंदीखाली राहिला. विक्रीची पावती हातात होती, कांदा सगळ्या गावानं पाहिलेला होता, तरी अर्ज अडकले. नंतर तलाठी, ग्रामसेवकांच्या समितीकडून पाहणी करून मार्ग काढावा लागला.

तेव्हा भावांतर मागताना सोबत हेही मागू: बाजार समितीची काटापट्टी हाच पुरावा धरा. त्यावर वजन असतं, भाव असतो, तारीख असते, आणि ती त्याच दिवशी मिळते. वैदर्भीताई, हरियाणात नोंदणी कशी होते, पेरणीच्या वेळी की विकताना, हे कुणाकडून कळलं तर इथे लिहा. आमच्या तालुक्यातली काही मंडळी आमदारांना निवेदन देणार आहेत, त्यात घालता येईल.

मीनल_डोंबिवली

निवेदनात गाडीचाही मुद्दा घाला. शहरातून सह्या मी गोळा करून देते.